तुम्ही विचारलंत म्हणून: कला बघायची की रंग?

सुट्टीत साताऱ्याला गेले की, नाहीतर इथे मंडळाच्या गणपतीत जेवणाच्या रांगेत उभी असले की, हा प्रश्न ठरलेला. मी अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, संस्थांना अनुदान देणाऱ्या एका फाउंडेशनमध्ये कलाक्षेत्राच्या ग्रँट्सचं, म्हणजे अनुदानांचं, काम बघते आणि वर्णभेदामुळे ज्यांच्यापर्यंत पैसा पोचला नाही त्यांच्यापर्यंत तो नेणं हा आमचा मुख्य हेतू आहे, एवढं सांगून झालं की समोरचे क्षणभर थांबतात. मग विचारतात, "पण कलेला पैसे देताना माणसाचा रंग कशाला बघायचा? जे चांगलं आहे त्याला द्या ना." हातात ताट असताना याचं नीट उत्तर देता येत नाही.

माझं उत्तर मीच परत पाठवलेल्या एका अर्जापासून सुरू होतं. नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालं होतं. इथल्या सेंट पॉल शहरातल्या एका चर्चच्या तळघरात एक कृष्णवर्णीय बाई वीसेक वर्षं मुलांना पश्चिम आफ्रिकेतले नाच आणि ढोल शिकवत होत्या. वर्षाचा सगळा खर्च चाळीस हजार डॉलर. आमच्या नियमाप्रमाणे तीन वर्षांचे ऑडिट केलेले हिशेब लागत, शिवाय आम्ही देऊ तेवढीच रक्कम दुसरीकडून उभी केल्याचा पुरावा. इथे छोट्या संस्थेच्या ऑडिटलाही दहा हजार डॉलर सहज लागतात. म्हणजे नुसतं मागायला पात्र ठरण्यासाठी बाईंनी वर्षाच्या खर्चाचा चौथा हिस्सा ऑडिटरला द्यायचा. मी 'कागदपत्रं अपुरी' असा शेरा मारला आणि पुढचा अर्ज उघडला. त्या फॉर्ममध्ये रंगाचा रकानाच नव्हता. बाईंच्या मुलांचा नाच आमच्यापैकी कुणी पाहिला नाही, मीही नाही. गोष्ट गुणवत्तेपर्यंत गेलीच नव्हती.

पुढे कळलं की त्यांच्या आईचं घर रोंडोत होतं. रोंडो ही सेंट पॉलमधल्या कृष्णवर्णीयांची जुनी, नांदती वस्ती. १९५० आणि ६०च्या दशकांत आय-९४ हा महामार्ग तिच्या मधून नेला आणि ६००हून अधिक कुटुंबांची घरं गेली. अमेरिकेत मध्यमवर्गाची पुंजी म्हणजे घर. ते तारण ठेवून माणसं धंदा काढतात, मुलांना शिकवतात, पुढे कधीतरी एखाद्या नृत्यशाळेला देणगी देतात. ज्या वस्तीची घरंच उठवली तिच्यातल्या शाळेला आम्ही सांगत होतो, तुमच्या देणगीदारांकडून निम्मे आणा. कोयनेच्या धरणग्रस्तांची तिसरी पिढी ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना मी हे अधिक काय समजावणार?

आणि नुसत्या गुणवत्तेनं पैसा येतो म्हणाल, तर त्याच भागात १९७६ सालापासून पेनम्ब्रा थिएटर ही कृष्णवर्णीयांची नाट्यसंस्था आहे. पुढे दोन पुलित्झर पुरस्कार मिळवणाऱ्या ऑगस्ट विल्सन या कृष्णवर्णीय नाटककाराची सुरुवातीची नाटकं तिथे झाली. याहून मोठं प्रमाणपत्र कुठलं? तरी २०१२ साली पैशांअभावी त्यांना प्रयोग थांबवावे लागले. २०२०मध्ये, मिनीआपोलिसच्या पोलिसानं जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाची हत्या केली त्यानंतर काही महिन्यांनी, फोर्ड फाउंडेशन या बड्या देणगीदार संस्थेनं देशभरातल्या ज्या वीस संस्थांना 'अमेरिकेचा सांस्कृतिक ठेवा' म्हणून मोठी मदत दिली, त्यांत पेनम्ब्रा होतं. तोवर त्यांचं वय चव्वेचाळीस झालं होतं.

कलाक्षेत्रातल्या पैशाचा अभ्यास करणाऱ्या हेलिकॉन कोलॅबोरेटिव्ह या संस्थेनं २०१७ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. देशातल्या सगळ्या सांस्कृतिक संस्थांपैकी सर्वांत मोठ्या २ टक्के संस्थांना एकूण देणग्यांपैकी ५८ टक्के पैसा जातो, असं तिच्यात दिसलं. काही वर्षांपूर्वी हाच आकडा ५५ होता. मधल्या काळात आमच्या क्षेत्रात समतेवर परिषदांमागून परिषदा होत होत्या, आणि पैसा उलट दिशेनं चालला होता. हे वाचलं तेव्हा मला झोप लागली नाही.

मग आम्ही काय केलं? ऑडिटची आणि निम्म्या रकमेची अट काढली. लेखी अर्ज जमत नसेल तर फोनवर बोला, लिहून आम्ही घेऊ. निवड समितीत त्या त्या वस्तीतले कलावंत बसवले, आणि त्यांच्या वेळेचं मानधन सुरू केलं. सगळ्यांत महत्त्वाचं, एखाद्या कार्यक्रमापुरता पैसा न देता तीन वर्षांसाठी, कशावरही खर्चता येईल असा दिला. भाडं, विमा, पगार ही कामं कुणाला दाखवता येत नाहीत, पण संस्था त्यांच्यावरच उभी असते.

आपल्यातलेही काही जण हळूच विचारतात, "आपणही गोरे नाही, मग आपल्याला मिळेल ना?" जिथे पालक डॉक्टर आणि इंजिनिअर आहेत, अरंगेत्रमला, म्हणजे भरतनाट्यमच्या पहिल्या जाहीर कार्यक्रमाला, हजारो डॉलर लागतात, अशा नृत्यशाळेला मी नाही म्हणते. त्यावरून नाराजी होते. होऊ दे. दार कुणावर बंद होतं ते मी बघते, आणि आपल्यातल्या बहुतेकांवर ते तसं बंद नव्हतं.

अलीकडे कायद्याची भीती वाढली आहे. कृष्णवर्णीय उद्योजक स्त्रियांना वीस हजार डॉलरची ग्रँट देणाऱ्या अटलांटाच्या फिअरलेस फंडाला २०२४मध्ये अपील कोर्टानं रोखलं, कारण एकाच वर्णाच्या लोकांना ग्रँट देणं हाच भेदभाव आहे असं कोर्टाला वाटलं; आणि तेही १८६६च्या नागरी हक्क कायद्याखाली, जो गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांना गोऱ्यांइतकेच हक्क मिळावेत म्हणून केला होता. त्या कायद्यानंतर सातच वर्षांनी जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकी लोकांना अर्पण केलं. तो निकाल वाचताना मला ती अर्पणपत्रिका आठवत राहिली आणि फार वाईट वाटलं. आमच्या वकिलांच्या सल्ल्यानं आता पात्रतेच्या अटी वस्ती आणि संस्थेचा आकार यांवर लिहिल्या आहेत. महामार्ग कुठून गेला हे नकाशावर दिसतंच.

त्या बाईंना मी दोन वर्षांनी स्वतः फोन केला आणि माफी मागितली. अर्ज फोनवरच झाला. पहिल्या वर्षीच्या पैशांतून त्यांनी ना पोशाख घेतले ना नवे ढोल. तळघरातल्या काँक्रीटवर त्यांनी लाकडी जमीन बसवून घेतली. इतकी वर्षं मुलं काँक्रीटवर उड्या मारत होती, आणि सगळ्यांत आधी त्यांचे गुडघे वाचवायचे होते.