लेबलवरचा एक आकडा: कॅनडातल्या गांजाच्या कंपनीत नियमबदल पार पाडताना

ऑन्टारिओत हॅमिल्टनजवळच्या एका छोट्या परवानाधारक कंपनीत मी क्वालिटी बघते. आम्ही सुका गांजा बरण्यांत भरून आणि तयार सिगरेटी वळून प्रांतांच्या घाऊक मंडळांना पुरवतो. इथल्या नियमांप्रमाणे प्रक्रिया करणाऱ्या प्रत्येक परवानाधारकाकडे 'क्वालिटी अ‍ॅश्युरन्स पर्सन', म्हणजे गुणवत्तेची जबाबदारी घेणारी व्यक्ती, असावी लागते आणि तिने मंजूर केल्याशिवाय लॉट, म्हणजे एका वेळी तयार झालेला माल, विक्रीला जात नाही. ती सही माझी. त्याआधी नऊ वर्षं गोव्यात, वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या औषध कंपनीत याच गुणवत्तेच्या कामात, क्यूएमध्ये होते.

नोकरी लागली तेव्हा आईने फोनवर पहिलं विचारलं, "अगं, गांजाच्या कंपनीत? आणि पोलीस?" तिची काळजी खोटी नव्हती. आपल्याकडे १९८५च्या अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायद्याखाली गांजा बाळगणं हाच गुन्हा आहे. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून प्रौढांसाठी तो कायदेशीर झाला. पण कायदेशीर म्हणजे मोकळं रान नव्हे. परवाना केंद्राचा, दुकानं प्रांताच्या नियमांखाली, आणि दर महिन्याच्या १५ तारखेच्या आत मागच्या महिन्याच्या साठ्याचा हिशेब सरकारच्या ट्रॅकिंग प्रणालीत भरायचा. देशाच्या सीमेपलीकडे नेणं किंवा बाहेरून आणणं आजही गुन्हाच आहे, डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी. भारतातून शिकायला येणाऱ्या मुलांना हे मी मुद्दाम सांगते.

१२ मार्च २०२५ला या नियमांत मोठी दुरुस्ती लागू झाली. आमच्या मालकांच्या डोळ्यांत पहिल्यांदा भरला तो उत्पादनाचा आकडा. छोट्या कंपन्यांसाठीच्या, म्हणजे सूक्ष्म प्रक्रियेच्या परवान्यावर वर्षाला ६०० किलो सुक्या मालाची मर्यादा होती, ती २,४०० किलो झाली. लागवडीच्या सूक्ष्म परवान्याची जागाही २०० चौरस मीटरवरून ८०० झाली. चौपट! छोट्या धंद्याला हे श्वास घ्यायला जागा मिळाल्यासारखं होतं, आणि त्यांचा आनंद रास्त होता. मी मात्र त्या आठवड्यात लेबलांच्या कलमांवर अडकून राहिले. लेबलं आणि पॅकिंग बदलायला १२ महिन्यांची मुदत होती, १२ मार्च २०२६पर्यंत. आमची तेव्हा २३ लेबलं चालू होती.

त्या कलमांतला एक बदल मला मनापासून हवा होता. जुन्या लेबलवर टीएचसीचे, म्हणजे गांजातल्या नशा आणणाऱ्या घटकाचे, दोन आकडे छापावे लागत: 'टीएचसी' आणि 'एकूण टीएचसी'. सीबीडी या नशा न आणणाऱ्या घटकाचेही तसेच दोन. झाडात नशा आणणारं टीएचसी थोडंच असतं. बहुतेक भाग टीएचसीए या आम्लाच्या रूपात असतो आणि उष्णता लागली की त्याचं टीएचसी होतं. त्या बदलात रेणूचं वजन घटतं, म्हणून टीएचसीएला ०.८७७ने गुणायचं आणि आधीच असलेलं टीएचसी त्यात मिळवायचं. आमच्या एका लॉटचं उदाहरण देते. प्रयोगशाळेच्या अहवालात टीएचसी ग्रॅमला ९ मिलिग्रॅम, टीएचसीए २४५. म्हणजे एकूण ९ अधिक २१४.९, साधारण २२४. बरणीवर ९ आणि २२४ एकाखाली एक. ओढणाऱ्याच्या शरीराला भिडतो तो २२४ हा आकडा, पण वर छापलेला ९.

आमच्या शेजारी एक मराठी काका राहतात, निवृत्त. झोप लागत नाही म्हणून त्यांनी दुकानातून बरणी आणली होती, दुसऱ्याच कुठल्या तरी कंपनीची. रात्री साडेअकराला काकूंचा फोन आला. मी गेले तर काका जिन्यात बसलेले, हात गार, छातीत धडधड, भिंतीला घट्ट धरून. बरणी माझ्या हातात देत म्हणाले, "अगं, नऊच लिहिलंय की गं!" त्यांनी वरचा आकडा वाचला होता, आणि इंग्रजी चांगलं येणाऱ्या माणसानेही तसंच वाचलं असतं. आरोग्यसेवेच्या हेल्पलाइनला फोन केला, त्यांनी सांगितलं तसं लक्ष ठेवलं, आणि दोन-अडीच तासांनी काका शांत झाले. मी घरी आले पण मला झोप आली नाही. तसंच लेबल मी रोज मंजूर करत होते आणि ते नियमाप्रमाणे बिनचूक होतं.

नव्या नियमांत फक्त एकूण टीएचसी आणि एकूण सीबीडी. ते कलम वाचलं आणि मी ठरवलं की मुदतीच्या शेवटच्या महिन्यापर्यंत थांबायचं नाही.

पहिलं काम जुनं आणि नवं कलम शेजारी-शेजारी लिहून तक्ता करण्याचं. वेर्ण्याला आमचे एक वरिष्ठ म्हणायचे, परिपत्रकाचा सारांश वाचून काम करू नका, मूळ कलम वाचा. मी तेच केलं. सल्लागारांच्या सारांशांत 'आता पारदर्शक बरणी चालते' एवढंच होतं. मूळ मजकुरात ही सवलत कशाला आहे आणि कशाला नाही हे शब्दाशब्दाने दिलेलं आहे. सुक्या मालाला चालते म्हणून खाद्यपदार्थांनाही चालेल असं गृहीत धरणारा फसेल. बरणी आणि झाकण वेगवेगळ्या रंगांचं चालेल, क्यूआर कोड चालेल, सोलून उघडणारं घडीचं लेबल चालेल, या सवलती आम्हाला उपयोगाच्या होत्या. लहान बरणीवर इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही मजकूर बसवताना जागा कधीच पुरत नाही. म्हणून आम्ही घडीचं लेबल घ्यायचं ठरवलं.

आणि तिथेच अबकारी शिक्का आडवा आला. इथे प्रत्येक पुड्याला अबकारी कराचा शिक्का लावावा लागतो, प्रत्येक प्रांताचा वेगळ्या रंगाचा. तो असा लावायचा की पुडा उघडताना फाटलाच पाहिजे, आणि लेबलवरचा सक्तीचा मजकूर झाकला जाता कामा नये. घडीच्या लेबलाचं सोलायचं टोक नेमकं शिक्क्याच्या खाली येत होतं. शिक्का सरकवला तर पिवळ्या चौकटीतला आरोग्याचा इशारा झाकला जायचा. घडी सोलली की शिक्का उचकटायचा. संगणकावर हे दिसत नव्हतं. शेवटी मी आणि पॅकिंग बघणारी आमची जोआन, दोघींनी रिकाम्या बरण्या घेतल्या, साध्या कागदाच्या पट्ट्या शिक्क्याच्या मापाने कापल्या आणि जेवणाच्या टेबलावर एकेक चिकटवून बघितली. खरे शिक्के सरावासाठी वापरता येत नाहीत, एकेका शिक्क्याचा हिशेब द्यावा लागतो. सातव्या बरणीला जमलं: सोलायचं टोक मागच्या बाजूला, बारकोडच्या डावीकडे. मग त्या बरणीचा चारही बाजूंनी फोटो काढून पॅकिंगच्या सूचनेत लावला.

प्रूफ तपासण्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण आमचा घोटाळा तिथेच व्हायचा होता. लाल अष्टकोनातलं पान आणि खाली टीएचसी अशी अक्षरं असलेलं ठरावीक चिन्ह प्रत्येक लेबलवर लागतं. ते उंचीला आणि रुंदीला किमान १.२७ सेंटिमीटर हवं. छपाईवाल्याने पाठवलेल्या फाइलमध्ये माप बरोबर होतं. छापून आलेल्या पहिल्या रोलचा नमुना मी सवयीने स्टीलच्या पट्टीखाली धरला. १.२ आलं. पुन्हा धरलं, भिंग लावलं, दुसऱ्या नमुन्यावर धरलं. १.२च. घडीचं लेबल साच्यात बसवताना तिकडे कुणीतरी सगळं चित्र थोडं लहान केलं होतं. डोळ्याला फरक कळत नाही. तो रोल तसाच लागला असता तर हजारो बरण्या नियमबाह्य ठरल्या असत्या. छपाईवाले भले निघाले, चूक मान्य करून रोल बदलून दिले, पण तीन आठवडे गेले. त्या दिवसापासून आमच्या कार्यपद्धतीत एक ओळ वाढली: मंजुरी फाइलवर नाही, छापील रोलच्या नमुन्यावर, आणि माप पट्टीने.

फ्रेंच मजकूर बाहेरून तपासून घेतला. घाऊक मंडळाकडच्या नोंदीत आकडे आणि फोटो बदलून दिले, कारण बरणीवर एक आणि त्यांच्या यादीत दुसरं असेल तर माल अडतो. त्यात फार सांगण्यासारखं नाही, चिकाटी लागते.

जुन्या लेबलांचं काय करायचं यावरून मालकांशी माझा वाद झाला. कपाटात पाच-सहा महिने पुरतील एवढे रोल होते. त्यांचं म्हणणं, मुदत आहे तर संपवू या. छोट्या कंपनीत पैसा किती घट्ट असतो ते मला माहीत आहे. सुक्या मालावर अबकारी कर ग्रॅमला १ डॉलर किंवा किमतीच्या १० टक्के, यांतला जो जास्त असेल तो, त्यावर केंद्राची वार्षिक फी. दोन प्रकारची लेबलं एकाच खोलीत सहा महिने ठेवली तर कधीतरी मिसळणार, हे मी त्यांना औषध कंपनीतल्या अनुभवावरून सांगितलं. इथे परत मागवलेल्या मालाची सरकारी यादी उघडून दाखवली. त्यात टीएचसी-सीबीडीचा आकडा लेबलवर चुकला म्हणून मागवलेले लॉट कितीतरी आहेत. मग काकांची रात्र सांगितली. मालक बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, दोन महिन्यांचे ठेव, बाकीचे काढ.

बरण्यांची लेबलं बदलायचा दिवस सप्टेंबरमधला एक शुक्रवार होता. संध्याकाळी शेवटचा जुना लॉट संपला. जोआनने मशीन, टेबल, खण, कचऱ्याचा डबा, सगळं रिकामं केलं आणि मी तिच्या मागून टॉर्च घेऊन फिरले. वेर्ण्याला याला लाइन क्लिअरन्स म्हणायचे, इथेही तोच शब्द आहे. लेबलांचा ताळमेळ घेतला: दिलेली, लावलेली, फाटलेली, परत आलेली. दोन कमी! पाऊण तास शोधलं. एक मशीनच्या रोलरला मागून चिकटलेलं मिळालं, दुसरं जोआनच्या बुटाच्या तळाला. ताळा जुळल्यावरच दोघींनी सह्या केल्या आणि उरलेले रोल श्रेडरमध्ये घातले.

सोमवारी नव्या लेबलचा पहिला लॉट भरला. मी बरणी हातात घेतली. एकूण टीएचसी, त्यापुढे आकडा, आणि त्याच्यावर दुसरा कुठलाही छोटा आकडा नाही. प्रयोगशाळेच्या अहवालाशी पडताळला, ०.८७७चा गुणाकार पुन्हा एकदा कॅल्क्युलेटरवर केला, आणि लॉटवर सही केली.

काकांना कंपनीची बरणी भेट देता येत नाही, कायद्यात बसत नाही. म्हणून रद्द केलेलं, आडवी रेघ मारलेलं एक नमुना लेबल मालकांना विचारून त्यांना दाखवायला घरी नेलं. त्यांनी चष्मा लावला, बोट ठेवून आकडा वाचला, आणि काकूंना हाक मारून तो त्यांनाही वाचायला लावला.

सिगरेटींची नऊ लेबलं अजून बाकी आहेत. त्यांची प्रूफं पुढच्या आठवड्यात येतील.