आमची वाटचाल : रोमन शिपायांचे मोजे

आमचा पहिला जोड विकला गेला तो चुकीचा होता. गिऱ्हाईक खूश होतं, पैसे मिळाले होते, आणि चूक कळायला आम्हाला पुढे दीड वर्ष लागलं.

मी मूळची सांगलीची. नवऱ्याच्या नोकरीमुळे उत्तर इंग्लंडमधल्या हेक्सहॅम गावात येऊन पडले. इथून गाडीने अर्ध्या तासावर विंडोलँडा हा रोमन सैन्याचा किल्ला आहे. १९७३ पासून तिथल्या ओल्या मातीतून शाईने लिहिलेल्या पातळ लाकडी पट्ट्या निघत आल्या आहेत, साधारण पोस्टकार्डाएवढ्या. त्यातल्या एका पत्रात कोणीतरी किल्ल्यातल्या माणसाला कळवतंय की सट्टुआकडून मोज्यांचे जोड, चपलांचे दोन जोड आणि दोन लंगोट पाठवलेत. पाठवणाऱ्याचं नाव काही उरलेलं नाही, पण मोज्यांचा उल्लेख उरला. मोज्यांसाठी त्यांचा लॅटिन शब्द ‘उदोनेस’.

उन्हाळ्यात इथे रोमन शिपायांचा वेश करून कवायती करणारे हौशी गट येतात. चिलखत, ढाल, खिळे ठोकलेल्या चपला, सगळं तोलून मापून केलेलं. आणि चपलेत दुकानातले नायलॉनचे मोजे! एकाला मी हसले, तर तो म्हणाला, मग तुम्हीच करून द्या. धंदा तिथून सुरू झाला.

दोन सुयांचं विणकाम रोमनांना ठाऊक नव्हतं. त्यांच्या काळातली पद्धत एकाच सुईची, आज तिला नालबाइंडिंग म्हणतात. सुई आपल्या दाभणासारखी, पण बोथट, हाडाची किंवा लाकडाची, नेढं मोठं. प्रत्येक टाक्याला अख्खा धागा फासातून ओढून काढायचा, म्हणून एका वेळी हातभरच धागा घ्यायचा. तो संपला की जुनं आणि नवं टोक पिंजायचं, थुंकी लावायची आणि तळहातांत जोरात चोळायचं. लोकर एकमेकीत गुंतते, गाठ मारावी लागत नाही. पहिल्या वर्षी स्वस्तात मिळाली म्हणून मशीनमध्ये धुता येणारी लोकर घेतली. ती मुद्दाम न आटणारी केलेली असते, त्यामुळे थुंकून थुंकून तोंडाला कोरड पडली तरी टोकं जुळेनात. त्या लोकरीच्या नातेवाईकांसाठी टोप्या झाल्या.

नमुना घेतला होता लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातल्या लाल मोज्यांचा. अंगठा वेगळा, बाकीची बोटं एकत्र, म्हणजे पट्ट्याच्या चपलेत घालायची सोय. इथल्या लोकांना ते विचित्र वाटतात. मला नाही वाटले, माझी आई थंडीत तसलेच मोजे घालून चपलेत पाय सरकवते. रंगासाठी मॅडर, म्हणजे मंजिष्ठेची युरोपातली बहीण. आधी लोकर तुरटीत भिजवायची, मग मंद आचेवर ठेवायची. उकळी फुटली की लाल जाऊन विटकरी तपकिरी होतो. ही अक्कल मला तीन लडी बिघडवून आली.

मग एका गटातल्या कपडे तपासणाऱ्या बाईंनी आमचा जोड उलटसुलट करून पाहिला आणि शांतपणे विचारलं, “हे कुठले?” मी सांगितलं, इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकसचे. “साल?” चौथं-पाचवं शतक. त्यांचा गट होता इसवी सन १०० च्या आसपासचा, ब्रिटनमधला. म्हणजे मी निदान दोनशे वर्षांनंतरचा, भूमध्यसागरापलीकडचा मोजा इथल्या शिपायाच्या पायात घातला होता. राग आला, पण बाई बरोबर होत्या.

विंडोलँडातच लहान मुलाचा एक मोजा सापडलाय, तो सुईने विणलेला नाही; लोकरी कापडाचे तुकडे शिवून केलेला आहे. तो मी काचेपलीकडून आधी कितीदा पाहिला होता, पण दिसायला गरीब म्हणून पुढे जायचे. आता आमचा मुख्य माल तोच, मोठ्यांच्या मापात. तिरक्या विणीचं लोकरी कापड उरेब कापायचं, नाहीतर टाचेवर ताणत नाही. शिवण तळव्याखाली आली की दिवसभराच्या कवायतीनंतर शिव्यांचा ईमेल येतो, म्हणून ती बाजूला घेतो. मशीन लावत नाही, सगळा हाताचा बखिया.

हिशेबही याच मोज्याने सावरला. लाल जोडाला माझे तीस तास जातात. तेवढे पैसे कोणी देत नाही आणि मी मागूही शकत नाही. कापडी जोड चार तासांत होतो. शेजारच्या निवृत्त शिक्षिका बाई शिवतात, मी बेतते, नवरा पार्सलं बांधतो आणि पत्ते चुकवतो. लाल मोजे अजून करते, पण फक्त उत्तरकालीन रोमन सोंग घेणाऱ्यांसाठी, आणि ऑर्डर घेण्याआधी साल विचारूनच. प्रत्येक पाकिटात चिठ्ठी असते: यातलं काय सापडलेल्या वस्तूवरून घेतलं आणि काय आमच्या अंदाजाने. मोठ्या माणसाच्या घोट्याची उंची हा अंदाज आहे, तो तसा लिहिलेला असतो.

गेल्या महिन्यात एकाने मार्शल या रोमन कवीच्या दोन ओळी पाठवून तसे मोजे मागितले. त्या ओळींतले मोजे लोकरीचे नाहीत, घाणेरड्या वासाच्या बोकडाच्या दाढीच्या केसांचे आहेत. केस मिळालेत, नमुना अर्धा झालाय. नवऱ्याने तो गॅरेजमध्ये ठेवायला लावलाय.