तुम्ही विचारलंत म्हणून: बेटावर रोज सुट्टीच ना?

रत्नागिरीला गेले की पहिल्या दोन दिवसांत हा प्रश्न चार वेळा तरी येतोच. विचारणारी माणसे बदलतात, पण सूर तोच असतो: "भूमध्य समुद्रातल्या बेटावर राहता, म्हणजे रोज सुट्टीच की हो तुमची!" आजवर मी "छे हो" एवढे म्हणून चहाचा कप उचलत असे. या खेपेस मात्र आत्येभाऊ खनपटीलाच बसला, म्हणून सविस्तर उत्तर एकदाचे लिहून ठेवते.

आम्ही माल्टाला राहतो. माल्टा, गोझो आणि कोमिनो ही बेटे मिळून देशाचे क्षेत्रफळ अवघे ३१६ चौरस किलोमीटर भरते, आणि मुख्य बेटाची लांबी सुमारे २७ किलोमीटर आहे, म्हणजे चर्चगेटहून सुटलेली लोकल बोरिवलीला पोचायच्या आतच आमचा देश संपलेला असतो. एवढ्याशा जागेत ५ लाखांहून अधिक माणसे आणि ४ लाखांहून अधिक वाहने असल्यामुळे, आठ किलोमीटरवरच्या कचेरीत जायला नवऱ्याला पाऊण तास लागतो. १९६४ पर्यंत येथे ब्रिटिशांचे राज्य होते, त्यामुळे गाड्या आपल्यासारख्याच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात; निदान चालवणाऱ्यांचा तसा दावा असतो.

येथे आलो त्याच आठवड्यात घरातला गीझर बंद पडला. घरमालक आले, त्यांनी प्लंबरला फोन लावला, आणि पलीकडचे ऐकता ऐकता गंभीर चेहऱ्याने म्हणू लागले, "मेला… मेला… मेला, मेला." आम्ही दोघे एकमेकांकडे पाहू लागलो. आपल्या गीझरपायी प्लंबरच्या घरी काही बरेवाईट झाले की काय, अशा विचाराने मी नवऱ्याला खुणेनेच टीव्ही बंद करायला सांगितला. फोन ठेवून घरमालक हसतमुखाने म्हणाले की, प्लंबर उद्या नऊला येईल. माल्टी भाषेत 'मेला' म्हणजे आपले 'मग', हे मला पुढे कळले. "मग काय!", "बरं मग", "मग, कसं काय?" या सगळ्या ठिकाणी ही मंडळी 'मेला' वापरतात, आणि दिवसातून पन्नास वेळा वापरतात. ही भाषा मूळची अरबी कुळातली, परंतु रोमन लिपीत लिहिली जाणारी आणि इटालियन शब्दांनी गच्च भरलेली आहे. येथले कट्टर कॅथलिक लोक देवाला 'अल्ला' म्हणतात आणि ईस्टरपूर्वीच्या उपवासांच्या काळाला 'रान्दान'. पुस्तकाला 'क्तीब' म्हणतात, त्यात आपली किताब ओळखू येते. आणि दुनियेला म्हणतात 'दिन्या'. माझ्या धाकट्या काकांना घरात दिन्याच म्हणत असल्यामुळे, चर्चमधल्या प्रवचनात साऱ्या दिन्याच्या कल्याणाची प्रार्थना होते तेव्हा मला हसू आवरत नाही.

प्लंबर, अर्थातच, दुसऱ्या दिवशी नऊला आला नाही. येथल्या बऱ्याच चर्चना दोन घड्याळे असतात; त्यांतले एक मुद्दाम चुकीची वेळ दाखवते, कारण त्यामुळे सैतान गोंधळतो आणि प्रार्थनेची वेळ चुकतो, असे लोक सांगतात. सैतानाचे मला ठाऊक नाही, पण प्लंबर त्या दुसऱ्या घड्याळावर चालतो याबद्दल माझी खात्री आहे. तो तिसऱ्या दिवशी आला आणि त्याने गीझरची कॉइल काढून दाखवली, तेव्हा तिच्यावर पांढऱ्या क्षारांचे बोटभर जाड पूट चढलेले होते. देशात बारमाही नदी एकही नाही, त्यामुळे नळाला येणाऱ्या पाण्यातला निम्म्याहून अधिक वाटा समुद्राचे पाणी गोडे करून मिळवतात आणि उरलेले जमिनीतून उपसतात. त्या पाण्याचा पहिला चहा प्यायल्यावर नवऱ्याने विचारले, "मीठ घातलंस का गं?" तेव्हापासून पिण्याचे पाणी आम्ही विकत आणतो, आणि सहा-सहा बाटल्यांचे गठ्ठे दोन जिने चढवणे हा आमचा व्यायाम होऊन बसला आहे.

सुट्टीचे चित्र रंगवणाऱ्यांना मी एकदा जानेवारीत बोलावणार आहे. येथले पाऊस-पाणी हिवाळ्यात असते. पिवळसर चुनखडीच्या दगडाची घरे बाहेरून फार देखणी दिसतात, पण थंडीत तीच घरे ओल धरून बसतात, आणि घरापेक्षा बाहेर रस्त्यावर उबदार वाटते, असा अजब प्रकार अनुभवाला येतो. कोकणात वाढल्यामुळे बुरशीची मला नवलाई नाही. चपला, पट्टे, देव्हाऱ्यातली पोथी, सगळ्यांवर आलेली बुरशी लहानपणी पाहिलेली आहे. मात्र ती पावसाळ्यात यायची, आणि पावसाळा गेला की जायची. येथे ती कपाटामागच्या भिंतीवर डिसेंबरात उगवते आणि एप्रिलपर्यंत मुक्काम ठोकते. हवेतली ओल शोषून घेणारे एक यंत्र आम्ही घेतले आहे. रात्रभर ते घरघरत राहते आणि सकाळी त्याची बादली ओतताना पाहुणे थक्क होतात, कारण दीड-दोन लिटर पाणी नुसत्या झोपायच्या खोलीतून निघालेले असते. आईने पाठवलेले पोह्याचे पापड तरीही सादळतात ते सादळतातच. नोव्हेंबर लागला की मी डाळी-पिठांचे डबे घट्ट लावायला घेते, तेव्हा कोकणातली पावसाळ्याआधीची बेगमी आठवून नवरा म्हणतो, "झाली का आगोट भरून?"

आता उन्हाळ्याविषयी. आम्ही मोस्टा नावाच्या गावात राहतो आणि आमच्या गावचा उत्सव १५ ऑगस्टला असतो. गोव्यात ज्याला फेस्त म्हणतात त्याचीच ही बहीण, फेस्ता. पहिल्या वर्षी त्या दिवशी सकाळी आठला धडाम् असा आवाज झाला आणि खिडकीची तावदाने थरथरली. त्यानंतर आवाजांची जी सरबत्ती सुरू झाली तिच्यापुढे आपला सुतळी बॉम्ब म्हणजे लवंगी फटाका. फोनवर आईने कौतुकाने विचारले, "तिकडेसुद्धा स्वातंत्र्यदिन इतका जोरात करतात?" ९ एप्रिल १९४२ रोजी आमच्या गावच्या चर्चचा प्रचंड घुमट फोडून एक बॉम्ब आत पडला होता, प्रार्थनेसाठी तीनशेच्या आसपास माणसे जमलेली होती, आणि तो बॉम्ब फुटलाच नाही. त्याची प्रतिकृती चर्चमध्ये आजही जपून ठेवलेली आहे. अशा गावाला बारांच्या आवाजाबद्दल तक्रार सांगायला कोणत्या तोंडाने जावे? संध्याकाळी संत मारियेची मूर्ती खांद्यावरून निघते, बँड वाजतो, बाल्कन्यांतून कागदाच्या कपट्यांचा पाऊस पडतो. खांदा कुणी द्यायचा, कुणाच्या गावचा बँड सरस आणि शेजारच्या गावाची आतषबाजी कशी फिकी होती, यावरून जे मानापमान चालतात ते पाहताना शिमग्यातल्या पालखीचे मानकरी आठवल्यावाचून राहत नाहीत.

पत्त्याचीही एक गंमत आहे. येथे घरांना क्रमांकापेक्षा नावे प्रिय असतात, आणि नावे बहुधा संतांची किंवा मारियेची. आमच्या गल्लीत तीन 'आवे मारिया' आहेत. परवा जेवण घेऊन आलेला पंजाबी मुलगा दमून फोनवर म्हणाला, "मॅडम, कौन सी आवे मारिया?" मी त्याला बाल्कनीतून वाळत घातलेली साडी हलवून दाखवली, आता तीच आमची खूण आहे.

गोझोला मात्र आम्ही खरोखर सुट्टीसाठी जातो. बोटीने पंचवीसेक मिनिटे लागतात आणि जाताना तिकीट कुणी मागत नाही, ते परतताना काढायचे असते. तिथेच राहून गेलात तर प्रवास फुकट, असे नवरा दर वेळी म्हणतो आणि दर वेळी मी हसते.

राहता राहिला समुद्र. महिन्यातून दोनदा जातो, तेही संध्याकाळी, काठावर बसून मटारचे पास्तित्सी खायला. हा पदार्थ आपल्या बेकरीतल्या व्हेज पॅटिसचा मावसभाऊ शोभतो. एप्रिलमध्ये एकदा पाण्यात उतरले, तर शेजारच्या आजींनी दोन दिवस माझ्या प्रकृतीची चौकशी केली.

गेल्या रविवारी आईशी फोनवर बोलत होते आणि त्याच वेळी घरमालक भाड्याची पावती द्यायला दारात उभे राहिले. त्यांना हातानेच आत बोलावत मी सवयीने म्हणाले, "मेला, मेला."

पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग आईचा आवाज आला, "अगं बाई! कोण गं?"