गोधडीचं बाळंतपण

महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे, रामबागेतल्या आमच्या घरी जिन्याखालच्या रद्दीमागे गोधडी व्याली. ती गल्लीचीच मांजर. दोन वर्षं सकाळ-संध्याकाळ परसदारी यायची, दूध-पोळी खायची आणि जायची. अंगावर तांबडी, काळी, पांढरी ठिगळं, म्हणून सासूबाईंनी तिचं नाव गोधडी ठेवलं. पिल्लं चार निघाली. दोन तांबडी, एक काळं, आणि एक आईसारखंच ठिगळांचं, बाकीच्यांपेक्षा बरंच लहान.

फेब्रुवारी संपत आला तरी इंदूरच्या रात्री गार असतात, आणि जिन्याखालची फरशी तर बर्फासारखी. फोनवर एका पशुवैद्यांनी पहिली गोष्ट सांगितली ती उबेची. पहिले तीनेक आठवडे पिल्लांना स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही, आई उठून गेली की ती निवायला लागतात. मग पुठ्ठ्याचं खोकं आणलं, त्यात सासूबाईंच्या जुन्या लुगड्याच्या घड्या घातल्या आणि एका कोपऱ्यात गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून ठेवली. एकाच कोपऱ्यात, म्हणजे जास्त तापलं तर पिल्लांना सरकायला जागा राहते.

दुसरी गोष्ट वजनाची. रोज एकाच वेळी प्रत्येक पिल्लाचं वजन करायचं आणि लिहून ठेवायचं. रोज दहा-पंधरा ग्रॅम वाढलं पाहिजे, आठ-दहा दिवसांत जन्माच्या दुप्पट झालं पाहिजे. पिल्लांना हात लावला तर आई टाकून देते असं शेजारच्या काकू बजावत होत्या, पण माणसाळलेली मांजर तसं करत नाही. गोधडी खायला उठली की मी स्वयंपाकाचा काटा घेऊन बसायची. पहिल्या दिवशीचे आकडे अजून पाठ आहेत: १०४, ९८, ९५ आणि ७८. त्या ७८ ग्रॅमच्या जिवाला माझी मुलगी गुंज म्हणायला लागली.

तिसऱ्या दिवशी सकाळी गुंज ७५ वर आली होती. बाकीच्यांपासून वेगळी पडलेली, पोट गार, तोंड उघडं. मी ड्रॉपर हातात घेतलाच होता. डॉक्टरांना फोन केला तर म्हणाले, ‘पहले गर्म कीजिए, दूध बाद में।’ गारठलेल्या पिल्लाला दूध पचत नाही, गिळताही येत नाही, ते फुप्फुसात जातं. आणि गाईचं दूध तर नकोच. मांजरीच्या दुधापेक्षा त्यात प्रथिनं आणि चरबी कमी, दुग्धशर्करा जास्त, त्यामुळे पिल्लांना जुलाब होतात. तासभर मी तिला ब्लाउजच्या आत छातीशी धरून बसले. हळूहळू ती वळवळली, मग बारीक ओरडली. तेव्हा तिला गोधडीच्या आचळाला लावलं आणि बाकीच्या तिघांना दहा मिनिटं बाजूला ठेवलं. असं दिवसातून पाच-सहा वेळा. चौथ्या दिवशी ७९. मी तो आकडा दोनदा अधोरेखित केला.

आता खाण्याचं. डॉक्टरांनी विचारलं, आई काय खाते? दूध-पोळी म्हटल्यावर ते म्हणाले की एवढ्यावर मांजर चार पिल्लं पाजू शकत नाही. मांजराला मांस लागतंच, त्यातला टॉरिन नावाचा घटक पोळीतून मिळत नाही, आणि पाजत्या मांजरीला एरवीच्या दुप्पट-तिप्पट लागतं. आमच्या घरात आजवर अंडंसुद्धा आलेलं नव्हतं. सासूबाईंना कसं विचारावं या विचारात मी दुपार घालवली. शेवटी त्यांनीच विषय काढला. म्हणाल्या, ‘बाळंतीण आहे ती. तिला आपले नियम कशाला? परसात वेगळी शेगडी मांड, वेगळं पातेलं घे.’ माझ्या दोन्ही बाळंतपणांत ज्या बाईने डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर करून मला खाऊ घातली, ती आता गोधडी किती खाते हे खिडकीतून मोजायला लागली. मी बिनहाडाचं चिकन उकडून दिवसातून चार वेळा घालायची. गोधडीच्या अंगावर तेज आलं. आपण सगळं नीट करतोय असं मला वाटत होतं.

मधल्या दिवसांत तिने घर बदललं. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात. आमच्याकडे ती तीनच फिरली. जिन्याखालून माळ्यावर, माळ्यावरून सासूबाईंच्या खोलीतल्या फडताळात. चूक आमचीच होती, गल्लीतली सगळी पोरं पिल्लं बघायला येत होती. फडताळाचं एक दार उघडं ठेवून पडदा लावला, खोलीत येणं-जाणं बंद केलं, तेव्हा ती स्थिरावली. आठव्या-नवव्या दिवसापासून डोळे उघडायला लागले, सगळ्यांचे आधी निळेच. काळ्याच्या अंगावर पिसवा दिसल्या. कुत्र्यावर घालायचं पिसवांचं औषध कोणीतरी देऊ केलं, पण त्यात पर्मेथ्रिन होतं आणि ते मांजरासाठी विष आहे. मी लिखांच्या फणीने रोज विंचरून पिसवा साबणाच्या पाण्यात बुडवल्या.

रंगपंचमीला पिल्लं वीस दिवसांची झाली होती. इंदुरात रंगपंचमी म्हणजे गेर, रंगांची मोठी मिरवणूक. राजवाड्याकडे सकाळपासून माणसांचा पूर, रंगाचे फवारे चार-चार मजले वर. आवाज आमच्यापर्यंत येत होता. गोधडी फडताळातून बाहेर येऊन फेऱ्या घालत होती, आवाजाने बिचकली असेल असं मी धरून चालले. तासाभराने तिचे मागचे पाय ताठ पडायला लागले. कान थरथरत होते, तोंडाच्या कडा फडफडत होत्या. पिल्लं ओरडत होती आणि ती वळूनही बघत नव्हती. पिल्लांना सोडून ती निघाली, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला.

दोन दवाखान्यांत फोन लागला नाही. मुलीची मैत्रीण महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला आहे, तिला व्हिडिओ पाठवला. तिने लगेच उलट फोन केला: ‘काकू, कॅल्शियम कमी झालंय. उद्यावर ढकलू नका, आत्ताच निघा. आणि पिल्लांना तिला पिऊ देऊ नका.’ शेजारचा मुलगा रंगाने माखलेला तसाच स्कूटरवर बसला, मी मागे टोपली घेऊन. राजवाड्याच्या बाजूचे रस्ते बंद, म्हणून लांबून वळसा घालत पलासियाच्या पुढचा एक दवाखाना गाठला. तोवर गोधडी आडवी पडून झटके देत होती.

डॉक्टरांनी शिरेतून कॅल्शियम दिलं, थेंब-थेंब, एक हात सिरिंजवर आणि कानाला स्टेथोस्कोप. भराभर दिलं तर हृदय थांबू शकतं, म्हणून ते सतत ठोके ऐकत होते. पंधरा-वीस मिनिटांत थरथर थांबली. मग तिने मान उचलून माझ्याकडे बघितलं.

कारण त्यांनी समजावलं तेव्हा मी खाली बसले. नुसत्या बिनहाडाच्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी थोडं. दुधावाटे रोज कॅल्शियम जात होतं आणि मी घालत होते त्यातून ते भरून निघत नव्हतं. पिल्लं तिसऱ्या आठवड्यात सर्वांत जास्त पितात, बहुधा तेव्हाच हे उद्भवतं. तिला पिल्लांसाठीचं तयार खाद्य द्यायला हवं होतं; त्यात दोन्हींचं प्रमाण जुळवलेलं असतं आणि पाजत्या आईलाही तेच चालतं. मी विचारलं, गरोदर असतानाच गोळ्या दिल्या असत्या तर? ते म्हणाले, नाही, त्याने उलट होतं. बाहेरून आयतं मिळालं की हाडांतून कॅल्शियम काढण्याची शरीराची सवय मंदावते, आणि ऐन गरजेला ते मिळत नाही.

पिल्लांचे वजन मी वीस दिवस ग्रॅमग्रॅमने लिहिलं. आईचं एकदाही केलं नव्हतं. त्या रात्री वहीत पाचवा रकाना आखला.

पुढचा दीड दिवस पिल्लं आईपासून वेगळी. मांजराच्या पिल्लांची दूध पावडर कोमट पाण्यात कालवून, बारीक बाटलीने, दर चार तासांनी. बाळासारखं उताणं धरायचं नाही; पोटावर, मान किंचित वर, जशी ती आईला पितात तशी. पाजून झालं की ओल्या कोमट कापसाने शेपटीखाली हळू पुसायचं, म्हणजे शी-शू होते. एरवी हे काम आई जिभेने करते. रात्री दोनचं पाजणं सासूबाईंनी मागून घेतलं. मी उठून बघितलं तर त्या देवघराच्या दिव्याशी मांडीवर टॉवेल पसरून बसलेल्या, गुंज बाटलीला दोन्ही पायांनी धरून चुटूचुटू पितेय.

नंतर गोधडीकडे थोडा-थोडा वेळच सोडायचं, बाकी वरचं, असं ठरलं. चौथ्या आठवड्यात भिजवलेलं खाद्य ताटलीत ठेवलं. तांबड्या दोघांनी त्यात अंघोळच केली, पण दोन दिवसांत खायला शिकले. मिठाईच्या खोक्याच्या झाकणात बारीक वाळू घातली. तिथे जायचं कसं ते गोधडीने दाखवलं. गोळे धरणारी तयार वाळू या वयात नको, पिल्लं ती खातात. जंताचं औषध वजनाप्रमाणे मिळालं, आठव्या आठवड्यात पहिली लस.

दोन्ही तांबडी एकत्र सुदामानगरच्या एका घरी गेली. जोडी सुटी करायची नाही ही माझी अट होती. काळं मुलीच्या मैत्रिणीने महूला नेलं. पाजत असतानाही मांजर पुन्हा गाभण राहू शकते, म्हणून तोवर गोधडीला घरातच ठेवलं होतं. दूध आटल्यावर तिचं ऑपरेशन करून घेतलं.

घरी आणली त्या संध्याकाळी ती अजून गुंगीत होती, पोटाची एक बाजू भादरलेली. फडताळात त्याच लुगड्याच्या घडीवर तिला निजवलं. गुंज, आता ९२० ग्रॅमची, टाक्यांना लागेल म्हणून दुसऱ्या खोलीत कोंडली होती आणि दार ओरबाडत होती. सासूबाई दाराशी खुर्ची टाकून बसल्या आणि तिला बाहेरूनच समजावत राहिल्या, ‘थांब ग जरा. झोपलीय तुझी आई.’