सतरा नंबरचं वर्तुळ

मे महिन्यात नागपुरात दुपारच्या वेळी नळ सोडला की टाकीतलं पाणी चहाला ठेवल्यासारखं येतं. त्या दिवशी अडीच वाजले होते. डबा खायला म्हणून मी ग्लोव्हज काढले, नळाखाली हात धरला, चटका बसला तसा मागे घेतला, आणि स्वतःच्या ओल्या तळहाताकडे बघत तिथेच उभी राहिले. सकाळी पाहिलेला दुसराच एक तळहात आठवला होता.

मी एका सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन आहे. दिवसाची सुरुवात गरोदर बायांच्या रांगेने होते: हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर, एचआयव्ही, आणि सिफिलिससाठी आरपीआर. काही बाया मला 'खूनवाली मॅडम' म्हणतात. आधी दचकायची, आता ओ देते.

तर सकाळची ती मुलगी. (ओळख लागू नये म्हणून दोन-चार तपशील मी बदललेत.) तेवीस-चोवीस वर्षांची, सातवा महिना, सासर भंडाऱ्याकडचं, बाळंतपणासाठी माहेरी पारडीला आलेली. सोबत आई. सासरच्या दवाखान्याच्या कार्डाला तिसऱ्या महिन्यातले रिपोर्ट पिन केलेले होते, एचआयव्ही निगेटिव्ह आणि 'व्हीडीआरएल' निगेटिव्ह. या व्हीडीआरएलची एक गंमतच आहे. ते मुळात अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेच्या नावाचं लघुरूप. तिथे निघालेल्या तपासणीला ते चिकटलं आणि आमच्याकडे ते आजाराचंच नाव होऊन बसलं. वॉर्डातल्या सिस्टरसुद्धा "तिला व्हीडीआरएल निघालं" असंच म्हणतात. सिफिलिस हा शब्द तोंडातून काढायला नको, ही त्यातली मोठी सोय. आमच्या आजीच्या पिढीत याला गरमी म्हणायचे, आणि तेही दाराआड.

"तिसऱ्या महिन्यात झाली ना तपासणी," आई म्हणाली, "आता परत कायले खून काढता जी? पोरीच्या अंगात आधीच खून नाई."

खरं सांगू, मलाही क्षणभर तसंच वाटलं. रांग दाराबाहेर गेली होती. पण नवीन नाव नोंदलं की नवं सॅम्पल, हा आमच्या डॉक्टर मॅडमचा दंडक. तिसऱ्या महिन्यातला रिपोर्ट तिसऱ्या महिन्यापुरता, पुढच्या चार महिन्यांची हमी त्यात नसते. मी पट्टा बांधला.

"मूठ आवळा. हं, आता सोडा."

मूठ उघडली आणि तळहातावर डाग दिसले. तांब्याच्या रंगाचे, मसुराच्या डाळीएवढे, एक-दोघांच्या कडेला पापुद्रा सुटलेला. मी विचारलं, "खाजतं का?"

"नाई."

"भांड्याच्या पावडरनं झालं असन," आई म्हणाली.

"हो, होतं असं," मी म्हटलं, आणि नळीवर सतरा नंबर टाकला.

आज मागे वळून पाहताना त्या दिवसातलं सगळ्यात जास्त बोचतं ते हे "हो, होतं असं".

साडेबाराला आरपीआर लावल्या. एकूण बावीस सॅम्पल. ही तपासणी २३ ते २९ अंशांत करायची असते, आणि आमच्या लॅबमधला एसी त्या मोसमात देवाघरी गेला होता. कूलरच्या झोतात कार्डावरचे थेंब वाळतात. त्यामुळे मे महिन्यात आमचा रोटेटर, म्हणजे कार्ड फिरवायचं यंत्र, मॅडमच्या केबिनमध्ये मुक्कामाला असतो, त्यांच्या टेबलावर, फाइल बाजूला सारून.

काम अगदी साधं. पांढऱ्या कार्डावर वर्तुळं छापलेली असतात. प्रत्येकात ५० मायक्रोलिटर सिरम (रक्त गोठल्यावर वर उरणारं पिवळसर पाणी), म्हणजे एक बारीक थेंब, तो वर्तुळभर पसरायचा. वर अँटिजेनचा, म्हणजे किटमधल्या तपासणीच्या द्रवाचा, एक थेंब. त्यात कोळशाचे अतिसूक्ष्म कण असतात, म्हणून तो काळपट दिसतो. मग ओल्या स्पंजचं झाकण घालून मिनिटाला १०० फेऱ्यांनी ८ मिनिटं फिरवायचं. कार्ड उचलून उजेडात हलकेच कलतं करायचं. सिरममध्ये त्या आजारामुळे शरीराने तयार केलेल्या अँटिबॉडी असतील तर काळ्या गुठळ्या होतात, रव्यासारख्या. नसतील तर सगळं गुळगुळीत राखाडी राहतं आणि कोळसा मधोमध टिकलीसारखा जमतो.

कंट्रोल, म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेले नमुने, बरोबर आले. बावीसच्या बावीस गुळगुळीत. सतरावं वर्तुळ किंचित खरबरीत वाटलं. गुठळी म्हणावी असं काही नव्हतं, दुधावर साय धरायच्या आधी जसा पृष्ठभाग जरा जाड दिसतो, तेवढंच. थेंब नीट पसरला नसेल म्हणून सोडून दिलं. रजिस्टरमध्ये एकाखाली एक एनआर, एनआर, एनआर. एनआर म्हणजे नॉन-रिॲक्टिव्ह, निगेटिव्ह. दीड वाजता रिपोर्ट वाटून झाले.

आणि अडीच वाजता नळाखाली ते डाग आठवले. तळहात-तळपायांवर न खाजणारे तांबूस डाग. डीएमएलटीच्या, म्हणजे लॅबच्या डिप्लोमाच्या, परीक्षेत हे वाक्य मी स्वतः लिहिलं होतं, सिफिलिसची दुसरी अवस्था. त्याच पेपरात पाच मार्कांचा आणखी एक प्रश्न होता, 'प्रोझोन म्हणजे काय?' पाचपैकी चार मिळाले होते. तेव्हापासून अकरा वर्षांत प्रत्यक्षात एकदाही पाहिला नव्हता. निदान पाहिल्याचं मला कळलं नव्हतं.

डबा तसाच राहिला. फ्रीजमधून सतरा नंबरची नळी काढली. नव्या कार्डावर ओळीने सलाइनचे थेंब ठेवले आणि सिरम पातळ करत गेले, एकास दोन, एकास चार, एकास आठ, सोळा आणि त्यापुढे. पहिल्या वर्तुळात मूळ सिरम. आठ मिनिटं मॅडमच्या खुर्चीत बसून त्या फिरत्या कार्डाकडे बघत होते.

पहिलं वर्तुळ पुन्हा गुळगुळीत. दुसऱ्यात नुसती कुरकुर. एकास चारमध्ये कण दिसू लागले. एकास आठमध्ये काळ्या गुठळ्या लख्ख, डोळे मिटूनही दिसाव्यात इतक्या. पुढे सोळा, बत्तीस, चौसष्ट. एकशे अठ्ठावीसलाही बारीक रवा होताच.

हाच तो प्रोझोन. कारण ऐकायला उलटं वाटतं. तिच्या रक्तात अँटिबॉडी इतक्या जास्त होत्या की तपासणीच गुदमरली. गुठळी व्हायला साखळी धरावी लागते. अँटिबॉडीला दोन हात, एक या कणाला, एक त्या कणाला. पण अँटिबॉडीचीच गर्दी झाली की प्रत्येक कणाला सगळीकडून वेगवेगळ्या अँटिबॉडी लटकतात आणि दुसऱ्या हाताला धरायला मोकळा कण उरत नाही. फुगडीला दोघीच हव्यात. एकीचे हात दहा जणींनी धरले तर फुगडी कसली? पाणी घालून गर्दी कमी केली की साखळी जमते. आजार भरात असतानाच हे होतं, म्हणजे सापडायलाच हवा नेमक्या तेव्हा.

मॅडम ओपीडीतून आल्या. मी कार्ड पुढे केलं आणि सकाळचं सगळं सांगितलं, "हो, होतं असं" सकट. त्या रागावल्या नाहीत. एवढंच विचारलं, "रिपोर्ट गेला का?"

गेला होता. माझ्या सहीचा एनआर त्या मुलीच्या पर्समध्ये, पारडीच्या वाटेवर.

दुपारीच टीपीएचए लावली. आरपीआर जंतूला थेट ओळखत नाही, जंतूमुळे शरीरात जी उलथापालथ होते तिच्यावर ती चालते, म्हणून कधीकधी दुसऱ्याच कारणाने फसवी पॉझिटिव्ह येते. टीपीएचए खास त्या जंतूविरुद्धच्या अँटिबॉडी शोधते. खळग्यात लाल पेशी टिकलीसारख्या गोळा झाल्या तर निगेटिव्ह, तळाला चटईसारख्या पसरल्या तर पॉझिटिव्ह. चटई पसरली. तिची एचआयव्ही मात्र नॉन-रिॲक्टिव्ह होती, दुसऱ्या किटवरही.

आता तिला परत बोलवायचं कसं? कार्डावर नंबर भावाचा. आमच्या समुपदेशक ताई या कामात वाकबगार. भावाला म्हणाल्या, "सॅम्पल आमच्याकडून खराब झालं हो, उद्या सकाळी पाठवता का, रांगेत थांबावं लागणार नाही." आजाराचं नाव नाही, विभागाचं नाव नाही. नाही म्हटलं तरी अर्धं खरंच होतं ते. खराब सॅम्पल नव्हतं, वाचन होतं.

दुसऱ्या दिवशी ती आली, आई सोबत होतीच. ताईंनी आईला केसपेपरच्या खिडकीवर पाठवलं. ती रांग किती वेळ चालते हे त्यांना पाठ आहे. खोलीत भिंतीला लागून गुप्तरोगाच्या औषधांच्या किटचे खोके असतात, एक ते सात नंबर, राखाडी, हिरवा, पांढरा, निळा, लाल, पिवळा, काळा. ती मुलगी त्या रंगांकडेच बघत होती. ताईंचा एक नियम मला फार पटतो. त्या कधीच "कुठे गेला होता" असं विचारत नाहीत, "केव्हा" विचारतात. कुठे विचारलं की माणूस खोटं बोलायला लागतो. केव्हा विचारलं की उपचाराला उपयोगी काहीतरी हाती लागतं.

"माझ्याकून काही चुकलं का?" तिने विचारलं.

"नाही. आजार रक्तात आहे, आणि त्याला औषध आहे," ताई म्हणाल्या. मग तिने पोटावर हात ठेवला आणि पुढचं विचारलंच नाही.

ते मॅडमनी सांगितलं. गरोदरपणात या आजारावर भरवशाचं औषध एकच, पेनिसिलिन. ते वारेतून बाळापर्यंत पोचतं आणि बाळावरही उपचार करतं. बाळंतपणाच्या निदान ३० दिवस आधी द्यायला हवं. आपल्या हातात दोन महिने होते.

बेन्झाथिन पेनिसिलिन, २४ लाख युनिट. अर्धं एका कुल्ल्यात, अर्धं दुसऱ्या. आधी थोडं टोचून बघायचं, ॲड्रेनलिनचा ट्रे बाजूला तयार ठेवायचा. औषध दाट, पांढरं, खडू कालवल्यासारखं. सिस्टर ढकलायला थांबली की सुई तुंबते. दुखतं भयंकर. मुलीने आईचा हात धरला होता आणि आई मला विचारत होती, "लोहाचं इंजेक्शन हाय का जी?" मी काही बोलले नाही. काय सांगायचं आणि कोणाला, ते त्या मुलीनेच ठरवायचं होतं. रात्री ताप चढला. मॅडमनी तो येणार हे आधीच सांगितलं होतं, जंतू झपाट्याने मरायला लागले की येतो, म्हणूनच तिला ठेवून घेतलं होतं. सकाळी उतरला. बाळाची हालचाल नीट होती.

नवरा तिसऱ्या दिवशी आला. ट्रकवर असतो. कन्याकुमारीचा रस्ता आणि कोलकात्याचा रस्ता दोन्ही नागपुरातून जातात, त्यामुळे घर वाटेत पडतं पण मुक्काम पडत नाही. ताईंनी "केव्हा" विचारलं. हिवाळ्यात एक फोड आला होता म्हणे. दुखत नव्हता. मेडिकलमधून मलम आणलं, महिनाभरात गेला. "गेला म्हणजे बरा झाला समजलो ना मी."

मला त्याचा राग आणायचा होता, पण आला नाही. या आजाराची चाल तीच आहे. पहिला फोड दुखत नाही आणि काही न करता स्वतःहून जातो. मलम नसतं लावलं तरी गेला असता, आणि श्रेय मलमाला. त्याची आरपीआर एकास चौसष्ट, म्हणजे सिरम तितकं पातळ केलं तरी गुठळ्या दिसत होत्या. एचआयव्ही नॉन-रिॲक्टिव्ह, पण तीन महिन्यांनी परत करायची हे ताईंनी कार्डावर लिहून दिलं. दोघांचे उपचार आणि तपासण्या पूर्ण होईपर्यंत संबंध नको, आणि नंतर बाहेरच्या वाटेवर निरोध. हेही स्पष्ट सांगितलं की फोड निरोधने झाकलेल्या जागेबाहेर असेल तर निरोधही पुरा पडत नाही. तो मान खाली घालून ऐकत होता. दारातून परत फिरला आणि दोन पाकिटं जास्तीची घेऊन गेला. सोबतच्या क्लीनरसाठी, म्हणाला.

रजिस्टरमधली सतरावी ओळ मी लाल पेनने खोडली, वर सही आणि तारीख टाकली. त्यानंतर मॅडमनी एक नवा रकाना पाडला: तळहात. वर्तुळ जरा जरी खरबरीत वाटलं किंवा रकान्यात खूण असली, तर तेच सॅम्पल एकास सोळा करूनही लावायचं. एक थेंब अँटिजेन जास्त लागतो. स्टोअरवाल्यांनी दोनदा विचारलं, पेशंट बावीस तर टेस्ट सव्वीस कशा? लेखी द्या. दिलं लेखी. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मॅडम स्वतः गेल्या, काय बोलल्या माहीत नाही.

पावसाळ्यात ती बाळंत झाली. मुलगा, पावणेतीन किलो. आईचं आणि बाळाचं सॅम्पल एकाच वेळी लावायचं होतं. आईच्या अँटिबॉडी बाळात आपसूक उतरतात, त्यामुळे बाळाची आरपीआर आली म्हणून लगेच घाबरायचं नसतं. बाळाचा आकडा आईच्या चौपट किंवा त्याहून जास्त निघाला तर मात्र गाठ आजाराशीच. आकडा कमी असला तरी बाळाला नीट तपासायचं आणि तो पूर्ण जाईपर्यंत पुन्हा पुन्हा बघत राहायचं. कार्डावर दोघांची वर्तुळं शेजारी-शेजारी. आई एकास बत्तीस. बाळ एकास आठ.

तिसऱ्या महिन्यात ते परत आले. आजीच्या कडेवर बाळ, काजळाचा टिळा, मूठ घट्ट आवळलेली. आजी म्हणाली, "आता याचंही खून काढता का जी?"

"थोडंसंच," मी म्हटलं. पट्टा बाजूला ठेवला आणि आधी त्याची मूठ उघडून बघितली. मग दुसरी. मग मोजे काढून तळपाय. काही नव्हतं. मग नळीवर नंबर टाकला.