घरपट्टी आणि देवळाचा सभामंडप

मागच्या ग्रामसभेत ग्रामदेवतेच्या सभामंडपासाठी घरपट्टीसोबत जादा आकार लावण्याची सूचना आली, तेव्हा माझी नजर पावतीची घडी मुठीत धरून पुढे बसलेल्या माझ्या मुसलमान शेजाऱ्याकडे गेली. शिमग्यात पालखी मीही खांद्यावर घेतो, तरीही मी उभा राहून विरोध केला. ज्याचे उत्पन्न एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी खर्च व्हायचे आहे, असा कर भरण्याची सक्ती संविधानाच्या अनुच्छेद २७ नुसार कोणावरही करता येत नाही. ‘धर्मनिरपेक्ष’ हा शब्द उद्देशिकेत १९७६ साली आला. ही तरतूद मात्र १९५० पासूनच आहे.

अलिबागकडे तेलाचे घाणे चालवणाऱ्या बेने इस्रायलींना, म्हणजे कोकणातल्या ज्यूंना, ते शनिवारी काम बंद ठेवत म्हणून, लोक ‘शनिवार तेली’ म्हणत. शेजाऱ्याचा विश्रांतीचा दिवस ज्या किनाऱ्याने त्याच्या नावातच सामावून घेतला, तिथे श्रद्धेची वसुली सरकारी पावतीवर व्हावी, हे मला मनापासून खुपते.

सूचना मागे घेतली गेली. दुसऱ्या दिवशी वर्गणीची वही घरोघर निघाली, तेव्हा पहिली रक्कम मी स्वेच्छेने लिहिली.