लिहून का ठेवत नाही?

दशावतार हे आमचे कोकणातल्या जत्रांत रात्री होणारे लोकनाट्य. जत्रांच्या हंगामात रंगपटात येणारे अभ्यासक आणि विद्यार्थी मला हटकून विचारतात, ‘तुमच्या दशावताराची संहिता कुठे मिळेल? आणि नसेल, तर तुम्ही ती लिहून का ठेवत नाही?’ आजवर मी वेळ मारून नेत आलो. तुम्ही पुन्हा विचारलेत, म्हणून सविस्तर सांगतो.

संहिता नाही म्हणजे तयारी नाही, असा समज त्या प्रश्नात दडलेला असतो आणि तो मला लागतो. तोंडाला रंग लावता लावता आख्यान, म्हणजे त्या रात्रीची पुराणकथा, ठरते, कोणाच्या मागून कोणी प्रवेश करायचा तेवढे सांगितले जाते. पुढचे सारे हार्मोनियम, पखवाज आणि झांजेच्या साथीने, एका बाकड्याभोवती, समोरासमोर घडते. पुराणे मुखोद्गत असल्यावाचून हे जमत नाही. दिवसा नांगर धरणारा, घरात मालवणीच बोलणारा माणूस रात्री राजा होऊन संस्कृतप्रचुर मराठीत वाद घालतो. आमच्या आधीच्या पिढीतल्या कित्येकांच्या कानांवर ती मराठी शाळेआधी देवळाच्या आवारात पडली. आणि आडदशावतारात, म्हणजे आख्यानाआधीच्या पूर्वरंगात, वेद चोरणारा राक्षस संकासुर खास मालवणीत उलट उत्तरे देऊ लागला की आपल्या बोलीलाही देवांपुढे उभे राहता येते, हे त्यांनी तिथेच पाहिले.

एका शहरातल्या महोत्सवाचे मात्र सांगायलाच हवे. आयोजकांनी तासाभराचा प्रयोग मागितला आणि संवाद आधीच टंकलिखित करून पाठवले. आख्यान अंबेचे होते: भीष्माने तिला स्वयंवरातून पळवून आणले आणि ब्रह्मचर्याच्या प्रतिज्ञेमुळे तिच्याशी लग्न नाकारले, ती अंबा. अंबा मी करीत असे आणि भीष्म आमच्यातले एक वयोवृद्ध नट करीत, ज्यांना अक्षरओळख नव्हती. नातीकडून वाचून घेऊन त्यांनी ते कागद पाठ केले. त्याआधी एका गावच्या जत्रेत, जिथे ठरलेले लग्न मोडल्याची कुजबुज चालू होती, अंबेने जाब विचारल्यावर ते म्हणाले होते, ‘प्रतिज्ञा माझी, शिक्षा मात्र तुझ्या वाट्याला आली. हे मला ठाऊक आहे आणि तरीही मी ती मोडणार नाही.’ पुढे बसलेल्या बायकांपैकी एकीने तिथल्या तिथे भीष्माला खडसावले, आणि भीष्माने तिलाही उत्तर दिले. महोत्सवात मी कागदावरचा तोच प्रश्न विचारला. पहिली काही वाक्ये त्यांनी बिनचूक म्हटली आणि ते थांबले. पखवाजवाल्याने जागा भरून काढली, मी प्रश्न फिरवून पुन्हा विचारला. ते माझ्याकडे पाहत हळूच म्हणाले, ‘ह्यां माझां न्हय रे, तोंडात बसणा नाय.’ अखेर ‘तुम्ही हेच म्हणणार ना, देवव्रता,’ असे करीत भीष्माची उरलेली वाक्ये अंबेनेच बोलून प्रवेश उरकला. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. त्यानंतर त्यांनी भीष्म कधीच केला नाही.

संवाद लिहिले की ते लिहिणाऱ्याचे होतात. न लिहिलेल्या संवादांत समोरच्या गावाला बोलायला वाव राहतो. वेगवेगळ्या कंपन्यांचे नट ‘संयुक्त दशावतारा’त तालमीवाचून उभे राहू शकतात तेही यामुळेच. एवढे मी ठामपणे म्हणतो.

मात्र बारावी झाल्यावर वही घेऊन विंगेत बसणारा मी याच्या उलट बोलत असे. ही माणसे जातील आणि त्यांच्याबरोबर सारे जाईल, असे त्या मुलाचे म्हणणे होते. ते नट आता हयात नाहीत. त्यांच्या भीष्माची वर दिलेली वाक्येच मला धड आठवतात. बाकीचा वाद कसा रंगत जाई, तो मला सांगता येत नाही. त्या मुलापुढे मी निरुत्तर होतो. शिवाय नवी मुले मोबाइलवरची चित्रफीत पाहून दुसऱ्याचे भाषण शब्दशः पाठ करून येतात, म्हणजे मी टाळलेली संहिता दुसऱ्या वाटेने आत आलीच आहे.

तेव्हा तुम्हांला लिहायचेच असेल तर प्रवेशांचा क्रम लिहा, पदे लिहा, कोणत्या पदाला कोणता ताल ते लिहा. संवादांची पाने कोरी ठेवा, असे माझे सांगणे आहे. आमच्याकडे सध्या अंबा करणाऱ्या मुलाला ते मान्य नाही; त्याने स्वतःची भाषणे लिहायला घेतली आहेत, आणि परवा त्यातले एक वाचून दाखवले तेव्हा ते चांगले आहे, हे मला कबूल करावे लागले.